बावीस मिनिटं

"अध्यक्ष महोदय, माझी दोन मिनिटं शिल्लक आहेत."

द्वारकाबाईंनी स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवला.

(घंटा.)

"सन्माननीय सदस्यांची वेळ संपली. खाली बसा. गोळी घ्या."

आप्पासाहेब बसले. गोळी घेतली. दोन वेळा खासदार राहिलेला हा माणूस बायकोचं ऐकत नव्हता, मुलाचं ऐकत नव्हता, डॉक्टरांचं तर नाहीच. पण घंटा झाली की बसायचं, हे हाडात मुरलेलं. बाकी बरंच पुसलं गेलं होतं. गेल्या दिवाळीपासून त्यांनी द्वारकाबाईंना एकदाही नावानं हाक मारली नव्हती. ही गोळी देणारी बाई कोण, तेच त्यांना कळत नव्हतं. मग एकदा द्वारकाबाईंच्या हातून वाटी पडली आणि आप्पासाहेब दचकून खाली बसले. म्हणाले, "माफ करा, अध्यक्ष महोदय." त्या दिवसापासून हर्सूलच्या त्या घरात द्वारकाबाई अध्यक्ष झाल्या. खिडकीजवळची वेताची खुर्ची त्यांची.

कामकाज सकाळी अकराला सुरू. आप्पासाहेब जाकीट घालून हॉलमध्ये उभे राहत. एके दिवशी सीमेवरची सुरक्षा. एके दिवशी बियाण्यांचा कायदा. मग कापसाची निर्यात. देशाचे प्रश्न सगळे तोंडपाठ. आपण नाश्ता केला की नाही, तेवढं आठवत नसे.

(हशा.)

हसणारी नात, संस्कृती. विरोधी पक्षही तीच. कॉलेजला जाता जाता ती दारातून ओरडायची, "आज्जी, विरोधी पक्षाला डबा दे गं!"

"विरोधी पक्षानं आधी आपलं ताट उचलावं," खुर्चीतून उत्तर यायचं.

अशी मजा चालायची. फक्त एका भाषणाला द्वारकाबाई लवकर घंटा वाजवत. डाळींच्या आयातीवरचं भाषण. त्याचं कात्रण समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये होतं : 'बावीस मिनिटं सभागृह स्तब्ध.' सत्तावीस वर्षं द्वारकाबाई ती काच पुसत आल्या होत्या. ज्या सकाळी ते भाषण झालं, त्या सकाळी त्यांचं पिशवीचं ऑपरेशन होतं. देवगाव रंगारीहून त्यांचा भाऊ कडुबा धावत आला. कागदावर नवऱ्याच्या जागी त्यानं सही केली. आप्पासाहेब चौथ्या दिवशी आले, पेढे घेऊन. भाषण गाजलं म्हणून. द्वारकाबाईंनी पेढा खाल्ला. पुढं बोलायचं राहून गेलं, आणि आता बोलावं तर ऐकणाराच घर सोडून सभागृहात राहायला गेलेला.

(हा भाग कामकाजातून वगळला.)

मंगळवार. अकरा वाजले. जाकीट. खिशाला पेन.

"विषय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"डाळींची आयात."

त्यांनी चमचा उचलला.

पण भाषण सुरूच होईना. आप्पासाहेब फ्रेमकडं बघत राहिले. मग खुर्चीकडं वळले.

"अध्यक्ष महोदय, मी बोलणार नाही. मला रजा हवी आहे."

खासदाराला रजा हवी असेल तर कारण द्यावं लागतं आणि सभागृहाची मान्यता लागते. हे त्यांनीच कधीतरी जेवता जेवता द्वारकाबाईंना सांगितलं होतं.

"कारण सांगा."

"घरी मंडळी एकटी हाय." आप्पासाहेबांची भाषा एकदम गावाकडची झाली. "द्वारका. उद्या ऑपरेशन हाय तिचं. लई भित्री हाय, पण सांगायची नाय. कागदावर सही लागंल. ती मीच कराया पायजे."

चमचा हवेतच राहिला. नाव आलं होतं. पण ती हाक नव्हती. तिच्याविषयी दुसऱ्याच कुणाला तरी सांगणं होतं ते.

द्वारकाबाई खुर्चीत सरळ बसल्या. "सदस्यांना रजा द्यावी, अशी सभागृहाची इच्छा आहे का?"

(शांतता.)

दारात बॅग अडकवून थांबलेली संस्कृती हळूच म्हणाली, "आहे. आहे."

"रजा मंजूर."

आप्पासाहेबांनी खुर्चीपुढं मान लववली, सभागृहातून निघताना लववतात तशी. चपला घातल्या. दाराबाहेर पडले.

"आज्जी! आबा चालले!"

"मागं मागं जा. थांबवू नको पण."

खिडकीतून द्वारकाबाईंना दिसत होतं. फाटकापाशी ते घुटमळले. रस्त्याकडं पाहिलं. मग वळून भिंतीच्या कडेकडेनं, पेरूच्या झाडाखालून, घराच्या मागं निघाले. घाईघाईनं. लांबून येणारा माणूस शेवटचं वळण चालतो तसे.

तेव्हा कुठं द्वारकाबाईंच्या ध्यानात आलं. ते घरी पोचतील आणि घरात नुसते अध्यक्षच असतील.

गुडघे धरत त्या खुर्चीतून उठल्या. वाटी-चमचा तिथंच ठेवला. स्वयंपाकघरात गेल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले.

मागचं दार वाजलं.

"द्वारका!"

आप्पासाहेब उंबऱ्यात उभे होते. कपाळावर घाम. हातात उघडलेलं पेन. त्यांच्यामागं संस्कृती, तोंडावर हात धरून.

"आलो गं. गाडीच मिळंना. उशीर तर नाय ना झाला?"

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांच्यासाठी स्टूल मोकळं केलं.

"नाय वो," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन उद्या हाय."