भरदुपारी घरी

किल्ली लॅचमध्ये गेली, पण फिरवायचा धीर फोरमनना होईना. आयुष्यभर शंभर माणसांना दमात ठेवलेला माणूस, आणि स्वतःच्याच दारात चोरासारखा उभा! निवृत्ती तोंडावर आलेली, अन् कारखान्याने आज सकाळी साधा चहाही न विचारता त्यांना घरी पाठवलं होतं.

बायकोला काय सांगायचं, याचीच धास्ती. लग्नानंतर तिची चांगली चाललेली नोकरी त्यांनीच सोडायला लावली होती. मी आहे ना खंबीर, असं तेव्हा छाती काढून म्हणाले होते. आता कुठल्या तोंडाने सांगणार? आणि सांगून झाल्यावर उरलेल्या दिवसांचं करणार काय? वडील त्यांना आठवत होते. नोकरी सुटल्यावर ते खिडकीशी बसले ते बसलेच. पुढे पुढे घरातले त्यांना फक्त जेवायला हाक मारत.

शेवटी एकदाची किल्ली फिरली. दार उघडलं. त्यांच्या आरामखुर्चीत एक अनोळखी म्हातारा पांघरूण घेऊन बसला होता. पलंगावर एक आजी घोरत होत्या. कोपऱ्यात काठ्या, टेबलावर औषधांच्या बाटल्या. फोरमनना आधी वाटलं, आपला मजलाच चुकला. पण भिंतीवरचं घड्याळ त्यांचंच होतं.

इतक्यात स्वयंपाकघरातून बायको वाटी-चमचा घेऊन आली आणि त्यांना बघून जागीच थिजली. मग ततपप करत तिने सगळं सांगितलं. मुलगी सासरी गेल्यापासून घर तिला खायला उठायचं. शेजारीपाजारी कामावर जाताना आपली म्हातारी माणसं तिच्याकडे ठेवून जायचे. त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी ती बघायची, आणि फोरमन यायच्या आत घर पुन्हा होतं तसं करून ठेवायची. साऱ्या बिल्डिंगला माहीत होतं, यांना तेवढं सोडून. रोज सांगीन म्हणायची, पण हे बंद करायला लावतील म्हणून जीभ रेटत नव्हती.

आपली बायको आपल्याला इतकी भिते, हे फोरमनना आजवर कळलंच नव्हतं. आपण चिडायला हवं असं त्यांना वाटलं, पण अंगात त्राणच नव्हतं.

"मला कामावरून काढलं," ते कसेबसे म्हणाले. "आता मी घरीच."

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने मान पुढे काढून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाई, हा नवीन आलाय का? याला कोण सोडून गेलं?"

खिडकीशी एक खुर्ची रिकामी होती. फोरमन तिकडे वळले.

बायकोने त्यांचा दंड धरला. हातातली वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हाताऱ्याला म्हणाली,

"नवीनच आहेत, आजोबा. मला एकटीला आता झेपत नव्हतं. यांना मी कामावर घेतलंय."