पहिलं ‘हो’

अनुजाचे वारलेले वडील डिजिटल रूपात रोज सकाळी सर्व्हरवरून स्वयंपाकघरातल्या पडद्यावर ताजे उमटत. त्यांच्या सवयी चालवणाऱ्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या ओळी, मात्र पडद्यातच होत्या.

"डबा घेतलास का?"

"हो, बाबा."

"डबा घेतलास का?"

आता कुठे तिने ओट्यावरचा डबा पिशवीत टाकला.

पडदा तपासायला आलेला इरफान हसला. "ताई, एकच स्क्रिप्ट दोनदा लोड होतेय, म्हणून ते पुन्हा विचारतात." त्याने जादाची ओळ काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी एकदाच विचारलं. "हो, बाबा," म्हणत अनुजा निघाली.

दुपारी ऑफिसात पिशवी रिकामीच निघाली. तिने इरफानला फोन लावला.

"ती ओळ परत टाका. माझं पहिलं ‘हो’ खोटं असतं, हे बाबांना ठाऊक होतं."