दुसरा दोर

"काहीही झालं तरी हा पांढरा दोर सोडायचा नाही," पाण्याखालच्या गुहेत शिरण्याआधी गाइडने बजावलं. माझी पहिलीच वेळ. आत पाय तळाला लागला, गाळ उसळला, काहीच दिसेना. घाबरून दोर सुटला. चाचपडताना पुन्हा हाताला लागला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. त्याला धरून सरकत उजेडात आलो आणि वर निघालो.

मागोमाग गाइड वर आला. "होतास कुठे? अख्खा दोर चाचपला मी!"

"हा काय, धरलाय की." मी मूठ उघडली. हातात तुटकं टोक होतं, बाकीचा दोर खाली गुहेत गेलेला. निळं.

त्याने ते टोक हातात घेतलं. "हा माझ्या दादाचा. याच गुहेत गेला होता. महिनाभर शोधलं रे आम्ही त्याला."

त्याने दोर हलकेच ओढला. आत काहीतरी जड सरकलं. तसा त्याने तो परत माझ्या हातात दिला.

"तू ओढ. माझ्याने नाही व्हायचं."