उलटा मडगार्ड

परीक्षक साहेब, माझ्या आईच्या कामाला तुम्ही सगळ्यांदेखत चूक म्हणालात.

आमची मोटारसायकल छोटी आहे आणि तिच्या टाकीवर कारखान्याचं नाही, एका मोठ्या दुकानाचं नाव आहे. साठ वर्षांपूर्वी अशा गाड्या लाकडी खोक्यात सुट्या यायच्या आणि इथे नेब्रास्कात लोक त्या घरीच जोडायचे. आमची गाडी आईनेच जोडली, स्वयंपाकघरात. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तुम्ही बोट दाखवलंत, "पुढचा मडगार्ड उलटा बसवलाय. मूळ रूप घालवलं. गुण कापा."

मी हिवाळाभर खपून तो सुलटा केला. आई म्हणाली, "कर बाबा. मला मेलीला काय कळतंय!" त्या दिवसापासून घरात तिच्या हातचे दालचिनीचे गोड रोल बंद.

यंदा कप शेजारच्या डेलमरला मिळाला. त्याच्या गाडीकडे बोट दाखवून तुम्ही माइकवर गरजलात, "हा उलटा मडगार्ड पाहा! फक्त याच गावात सापडणारा दुर्मीळ प्रकार!"

डेलमर कप हातात घेऊन तिथूनच माझ्या आईकडे बघत ओरडला, "आर्डिथकाकू, तुमची बघूनच आमच्या बाबांनी जोडली होती हो! अख्ख्या गावाने तुमचीच बघून जोडली!"

आई हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. मी नाही हसलो.


बोला साहेब, गावभरच्या नकलांना कप आणि अस्सल गाडीचे गुण कापायचे, हा कुठला न्याय? आणि आता मडगार्ड पुन्हा उलटा करायला माझ्या घरी कधी येताय?