सरदारांचा पाय

"लंगडा झाला बिचारा. आता याला असाच जगवणं म्हणजे पाप," असं म्हणत कान्होजी सुरी शोधायला लागले.

परसातल्या कोंबड्याचा उजवा पाय लोखंडी फाटकात सापडला होता. फाटक कान्होजींनीच धाडकन लावलं होतं, पण तो विषय त्यांनी काढला नाही. त्यांच्या मनात नुसती दया दाटून आली होती. ही दया जेवणाच्या वेळेलाच दाटते, हे लीलाताईंना लग्नापासून ठाऊक होतं.

"अहो, आज सोमवार," त्या देवघरातून हळूच म्हणाल्या.

"मग उद्या."

"उद्या मंगळवार. गणपतीचा."

बुधवारी एकादशी निघाली. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवारावर कान्होजींची भिस्त होती, तर त्या दिवशी नेमकी पौर्णिमा. आणि सोमवार उजाडला तो शेजाऱ्यांचं सावन घेऊनच.

"ते इकडच्या लोकांचं! आपला श्रावण अमावास्या झाल्यावर लागतो. मराठे आहोत आपण, लीले!"

"आहोतच की. पण पाणी ग्वाल्हेरचंच पितो ना?"

लीलाताईंनी दोन्ही श्रावण धरले. शेजाऱ्यांचा राखीला संपला, घरचा पुढच्या अमावास्येपर्यंत चालला. किला गेटच्या त्या घरात रस्सा शिजायला पंचांगात जागाच उरली नाही.

तोवर कोंबड्याच्या पायाकडे बघणं भाग होतं. लीलाताई सोवळ्यात. त्या कोंबड्याला शिवणार कशा? त्या उंबऱ्याच्या आतूनच सांगत.

"हळद कोमट करून लावा. पाय ओढू नका हो, नुसता धरा. तुमचा गुडघा दुखतो तेव्हा मी ओढते का?"

ज्यांच्या खापरपणजोबांनी घोडदळात तलवार गाजवली, ते कान्होजी मांडीवर कोंबडा घेऊन त्याच्या पायाला कुल्फीच्या काड्या बांधत बसू लागले. तलवार बैठकीत भिंतीवर होती. तिनं हे बघितलं नाही, एवढीच पूर्वजांची पुण्याई.

"बाबा, ये क्या! मुर्गे की फिज़ियोथेरपी?" मुलगी रुचिका हसून लोळायची बाकी होती. "थांबा, फोटो घेते. फॅमिली ग्रुपवर टाकते."

"टाक. आणि लिही, रुग्णाची प्रकृती स्थिर आहे."

हळूहळू कोंबड्याला नाव पडलं. सरदार. "चला सरदार, पाय टाका. शाबास!" असं म्हणत कान्होजी सकाळ-संध्याकाळ त्याच्यामागून परसात फिरत. डॉक्टरांनी वर्षभर सांगूनही ज्यांनी फिरायला चप्पल घातली नव्हती, ते कोंबड्याला व्यायाम हवा म्हणून फिरू लागले. गणपती झाले, पितृपक्ष झाला. सरदार लंगडायचे थांबले. एके दिवशी तर उडी मारून भिंतीवर चढले आणि आरवले. कान्होजींनी शेजाऱ्यांना हाक मारून तो आवाज पुन्हा ऐकवण्याची खटपट केली.

अष्टमीला सकाळी लीलाताई बाहेर आल्या. सरदारांची चाल त्यांनी नीट निरखून बघितली.

"छान झाला हो पाय. उद्या नवमी. याला देवीच्या ठाण्यावर न्यायचंय."

"दर्शनाला?"

"नवस फेडायला."

बाजरीच्या वाटीत कान्होजींचा हात तसाच राहिला.

"गेल्या थंडीत तुमच्या छातीत कळ आली. डॉक्टर धड काही सांगेनात. तेव्हा मी बोलले होते, हे घरी चालत आले तर नवरात्रात कोंबडा देईन."

"आणि माझ्याकडून हळद लावून घेतलीस? इतके दिवस?"

"लंगडा देवीला चालत नाही. अंगात व्यंग नको. म्हणून तर तुमच्या सुरीपासून वाचवला."

"अगं, पण जीव आहे तो!"

"हो ना," लीलाताई शांतपणे म्हणाल्या, "तुमचाही होता."

त्या दिवशी कान्होजी अहिंसेवर फार सुंदर बोलले. देव भावाचा भुकेला असतो, रक्ताचा नाही, हे त्यांनी जेवताना सांगितलं. नारळ चालतो, कोहळा चालतो, हे चहाच्या वेळी सांगितलं. आषाढात ही विद्वत्ता कुठे होती, असं लीलाताईंनी विचारलं नाही. सगळं ऐकून घेत त्यांनी कोंबडा न्यायची टोपली धुतली आणि उन्हात ठेवली.

नवमीला सकाळी त्या हळदकुंकवाचं ताट घेऊन परसात आल्या. कान्होजी कोपऱ्यात चेहरा पाडून उभे होते. शेजारी सरदार. सरदारांच्या पायाला कुल्फीच्या काड्या, आणि त्यावर कान्होजींच्या गुडघ्याची आख्खी पट्टी गुंडाळलेली.

"पडला गं भिंतीवरून. पुन्हा पाय गेला. चालवतसुद्धा नाही त्याला."

सरदारांना हे आधी सांगितलेलं नसावं. ते पट्टी ओढत तडक लीलाताईंपर्यंत चालत आले आणि ताटातल्या अक्षता टिपू लागले.

लीलाताईंनी पट्टीकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. आपल्या दुखऱ्या गुडघ्याची पट्टी सोडून दिल्यामुळे तेच एका पायावर भार देऊन उभे होते. लीलाताईंनी ताट तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"अरेरे! मग यंदा कसं जमणार? देवीची क्षमा मागून नारळ वाढवते आज. त्याचं पुढच्या नवरात्रात बघू."

कान्होजींनी इतका मोठा श्वास सोडला की सरदार दचकले.

लीलाताई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि अहो, पुढच्या वर्षी पट्टी उजव्या पायाला बांधा. देवीच्या लक्षात असतं."