टाकीबाहेरचा माणूस

चर्चमागच्या खोलीत बाकं आठ, खिडक्या तीन, मुलं अकरा. सहा आठवड्यांपूर्वी मुलं एकोणीस होती. दोन खिडक्यांना नव्या काचा बसल्या होत्या, तिसरीला अजून पुठ्ठाच होता.

सरांनी प्रार्थना सुरू केली आणि अर्ध्यातच थांबवली. अकराच्या अकरा जणांचे डोळे उघडे होते.

सर एरवी कारखान्याच्या लॅबमध्ये बॉयलरचं पाणी तपासत आणि रविवारी इथे मुलांना शिकवत. सहा आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारी दोन्ही कामं एकाच वेळी आली. "तुम्ही मुलांचं बघा, पाण्याचा नमुना मी घेतो," फोरमन म्हणाला होता. नऊ वाजून वीस मिनिटांनी, मुलं डोळे मिटून उभी असताना, बॉयलर फुटला. खिडक्यांच्या काचा आत आल्या. फोरमन परत आला नाही. कारखाना बंद पडला आणि आठ मुलांची घरं काम शोधत दुसरीकडे गेली.

फोरमनची मुलगी दुसऱ्या बाकावर होती. सर तिच्याकडे बघायचं टाळत होते. आजचा वर्ग उरकला की खोलीची किल्ली पाळकांच्या हातात ठेवायची आणि मोकळं व्हायचं, असं ते घरूनच ठरवून आले होते.

"डोळे का मिटले नाहीत?"

पहिल्या बाकावरचा, ज्याला सगळे बडबड्या म्हणत, तो म्हणाला, "ती म्हणते, मिटले की फुटतं."

"मागच्या वेळी मी सगळ्यांत घट्ट मिटले होते," फोरमनची मुलगी म्हणाली. "बोटांनी दाबून."

सर 'तसं काही नसतं' म्हणणार होते. दाब, तापमान, अडकलेली झडप, सगळी कारणं त्यांना पाठ होती. चौकशीत त्यांनीच ती सांगितली होती. तरी त्यांचं स्वतःचं मनही घुटमळायचं ते याच एका गोष्टीपाशी. त्या वेळी आपण इथे डोळे मिटून उभे होतो.

ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "कारखान्यातली टाकी साफ करायला माणूस आत उतरतो, तेव्हा बाहेर कोण असतं?"

"दोरी धरणारा. बाबा धरायचे. त्याने शिंक आली तरी नजर हलवायची नाही."

"प्रभू बागेत प्रार्थना करायला गेला, तेव्हा शिष्यांना त्याने असंच काम दिलं होतं. जागं राहायचं."

"आणि ते पठ्ठे घोरत पडले," बडबड्या म्हणाला. दोघं-तिघं हसली.

"म्हणून आज बाहेर तू." पाठांतराची वेळ मोजायला आणलेलं स्टॉपवॉच सरांनी तिच्या हातात दिलं. "आम्ही उतरतो. काही दिसलं तर हाक मार."

ती दाराशी जाऊन उभी राहिली. पाय रोवून, घड्याळ दोन्ही हातांनी धरून, जणू त्याला वजन होतं. दहा मुलांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. सरांनीही मिटले. लिहून आणलेली प्रार्थना त्यांना आठवेना. त्यांनी नुसती नावं घेतली. गावाबाहेर गेलेल्या आठ मुलांची, आणि शेवटी फोरमनचं.

"आमेन. किती झालं?"

"एक मिनिट बावन्न सेकंद," ती म्हणाली. "सगळे वर आले."

वर्ग सुटला तेव्हा पाळक दाराशी आले. "मला काहीतरी द्यायचं म्हणाला होतात?"

सरांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. "राहू दे, पाळकसाहेब. पुढच्या रविवारी दार मलाच उघडायचंय."

मुलं पांगली. फोरमनची मुलगी तेवढी जागची हलली नव्हती. तिने स्टॉपवॉच सरांपुढे धरलं.

"आता तुम्ही धरा. आणि शिंकायचं नाही हं."

ती खोलीच्या मध्यावर गेली आणि पुठ्ठ्याच्या खिडकीकडे तोंड करून तिने डोळे मिटले.

सरांनी नंतर हजेरीची वही उघडली, तारीख घातली आणि तिच्या नावापुढे लिहिलं : सात सेकंद.