पलीकडच्या पायऱ्या

पोलीस ॲक्शनमध्ये संस्थान संपलं, त्यानंतर शुक्रवारची सुट्टी रविवारी गेली आणि कॉलेजचे गुरुवारचे फुटबॉल सामनेही रविवारी होऊ लागले. हा एकच सामना गुरुवारी संध्याकाळी ठेवला होता. मुलगा श्रीधर गोलकीपर, म्हणून व्यंकटराव मास्तर शाळा सुटताच थेट मैदानावर आले.

"आज लई मोकळं हाय, मास्तर," शिपाई पुंजाराम म्हणाला. "आधी दर गुरुवारी, जुम्मेरातला, त्या पलीकडच्या पायऱ्या भरून जायच्या."

"मग आता तिथं टाळ्या कोण वाजवतंय?"

"टाळ्या? चष्मा बदलला, आता कानबी दाखवा!"

पायऱ्या खरोखरच रिकाम्या होत्या. टाळ्या थांबल्या आणि मग आपल्या पोरांचा गोल झाला.

आधी नीट पाहा, मग बोला, असं मास्तर वर्गात नेहमी सांगत. त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. पुन्हा टाळ्या पडल्या, तेव्हा चेंडू मैदानाच्या मध्यावर होता. तिथून तो पुढे गेला आणि सरळ जाळ्यात शिरला.

शेवटची पाच मिनिटं उरली. चेंडू पार दुसऱ्या टोकाला होता. श्रीधरनं गोलखांबाला टेकून वडिलांना हात केला.

तेवढ्यात रिकाम्या पायऱ्यांवरून शेकडो माणसं एकदम कळवळली, "अरेरे!"

या खेपेला पुंजाराम हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"श्रीधर, बाहेर ये!" मास्तर ओरडले.

श्रीधरनं ऐकू येत नसल्याची खूण केली. चेंडू आता त्याच्याकडे वळला होता.